‘तावला’ या शब्दातल्या दोन चुका

माझी भाची मला ‘आत्या’ म्हणायला जायची आणि तिच्या तोंडातून ‘आता’ यायचं. वरोरला आमच्या दारात उभी राहून ती "आता, ये! आता, ये!" असं ओरडली की शेजारीण जाळ्यावरून मान वर न करता म्हणायची, "आता नाय तर कवा येल गो ती?" आणि आम्ही सगळे हसायचो. भाचीही हसायची. तिला तेव्हा तिसरं वर्ष सरत आलं होतं. तिच्या बोलण्याला कुणी हसलं तर त्यात वाईट काही असेल असं तिला वाटत नव्हतं. मला वाटत नव्हतं, आणि तिच्या आईला, म्हणजे माझ्या वहिनीलाही नाही.

त्या वर्षी माझी मैत्रीण आमच्या घरी राहायला आली.

आम्ही दोघी मुंबईत भाषाशास्त्राच्या एकाच वर्गात होतो. ती पुण्याची, मी डहाणूच्या बाजारात मासे विकणाऱ्या बाईची मुलगी. ‘शाळा’ म्हणताना मी अर्धा क्षण थांबते, हे पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं. आमच्या घरी ळ नाही. ण नाही. पाण्याला पानी म्हणतात, डोळ्याला डोला, घोड्याला घोरा. ळ आणि ण मी शाळेत बाईंच्या धाकाने शिकले. तोंडात बसले ते, पण अजूनही ‘पाऊस थांबला की निळं आभाळ’ असं काही म्हणायची वेळ आली की जीभ आधी तयारी करून घेते. वर्गातल्या बाकीच्या मुली ते ऐकून एकमेकींकडे बघायच्या. ही मात्र तास संपल्यावर माझ्या बाकापाशी आली आणि म्हणाली, "तुझ्या घरची भाषा मला शिकवशील?"

आमच्या बोलण्यात कुणी शिकावं असं काही आहे हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. तिच्यावर माझा जीव जडला तो तिथे.

शिक्षण झालं, मी परत आले, डहाणूच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागले. तिला लहान मुलांच्या बोलण्यावर काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरी लागली. संस्थेला आमच्या भागातल्या मुलांची बोली टिपायची होती. कुठला आवाज मूल आधी काढतं, कुठला उशिरा, घरात एक भाषा आणि अंगणवाडीत दुसरी असली तर काय होतं, असं सगळं. तिने मला फोन केला. म्हणाली, "तू नसलीस तर मला तिथे दारात तरी कोण उभं करेल?"

मी म्हटलं, "लॉज वगैरे बघू नकोस. घरीच ये."

पहिले काही दिवस ती नाकाला ओढणी लावून झोपायची, कारण अंगणात बोंबील वाळत होते. मग ती ओढणी गेली. मग एकदा आईने तिच्या ताटात तळलेली मांदेली ठेवली आणि तिने ती खाल्ली, काट्यासकट. आई इतकी खूश झाली की संध्याकाळी शेजारीपाजारी सांगत सुटली. आईला ती आधी ‘काकू’ म्हणायची, नंतर ‘आई’ म्हणायला लागली. आई कधीकधी आम्हा दोघींना एकाच हाकेत बोलवायची.

पण सर्वांत जास्त बदलली ती वहिनी. वहिनी सातवीत असताना तिची शाळा सुटली. परक्या माणसासमोर ती पदर सावरत आत निघून जायची, बाजारात मात्र गिऱ्हाइकाशी गुजरातीतही भांडायची. मैत्रिणीपाशी ती तासन्‌तास बसू लागली. तिचे केस विंचरायची, विचारायची, "ताई, पोरगी शिकेल ना आमची?" ती म्हणायची, "वहिनी, ही खूप हुशार आहे. तुम्ही बघाच." मग वहिनी माझ्याकडे बघायची, मी हो म्हणते का ते पाहायला.

भाचीच्या फ्रॉकला वहिनीने खास एक खिसा शिवला, मैत्रिणीचं रेकॉर्डर ठेवायला. आगपेटीएवढं होतं ते. ते खिशात घालून भाची दिवसभर अंगणात फिरायची, कोंबड्यांमागे धावायची, वाळूत बसायची, आणि संध्याकाळी आम्ही दोघी कानाला लावून ऐकायचो.

मूल बोलायला शिकतं म्हणजे काय होतं, हे पुस्तकात वाचलेलं होतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या कानाला जगातल्या कुठल्याही भाषेतले आवाज वेगळे ओळखू येतात. वर्षभरात ते कान आपल्या घरापुरते होतात. जे भेद घरात कुणी करत नाही ते ऐकायचे ते सोडून देतात. तोंडाचं उलटं असतं. ते रिकाम्यापासून सुरू होतं. आधी ओठांचे आवाज, प, ब, म, कारण ओठ दिसतात आणि दूध पिताना ते कामाला लागलेलेच असतात. मग जिभेच्या टोकाचे त आणि द. क आणि ग जिभेच्या मागच्या भागाने काढायचे, तो भाग मुलाला उशिरा सापडतो. र तर फारच उशिरा. हे सगळं वर्गात लिहून घेतलं होतं, पण भाचीच्या तोंडात ते घडताना ऐकणं म्हणजे जमिनीवर कान ठेवून खाली पाणी वाहताना ऐकल्यासारखं होतं.

एक दिवस बोंबलांवर कावळा बसला. भाची धावत आली आणि ओरडली, "तावला! तावला!"

मी तिला चिडवायला म्हटलं, "कुठंय तावला?"

ती थांबली. कपाळाला आठी घातली. "तावला नाय," ती म्हणाली, "ता-व-ला!"

"तेच तर म्हटलं मी. तावला."

तिने पाय आपटला. तिला रडूच यायला लागलं. तिला मी क म्हणायला हवा होता. तिला तो नीट ऐकू येत होता, तो हवा होता, आपण स्वतः तोच म्हणतोय अशी तिची खात्री होती. फक्त जीभ तिथवर पोहोचत नव्हती. मी शेवटी "कावला" म्हटलं तेव्हा तिचा चेहरा खुलला. "हां," ती म्हणाली, "तावला."

मैत्रीण ओट्यावर पाय सोडून बसली होती. ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते. तिने जे म्हटलं ते मला आजही तिच्या आवाजासकट आठवतं. "बघ ना, एका शब्दात केवढं आहे. यातला त तिच्या वयाचा आहे आणि ल तुमच्या घराचा. त जाईल. ल राहील. दोन्हीत चूक कुठेच नाही."

वहिनी जवळ बसून करंदी, बारीक कोलंबी, निवडत होती. तिने विचारलं, "म्हंजे काय ताई?"

"म्हणजे वहिनी, तुमची मुलगी तुमच्यासारखं बोलायला शिकतेय. अगदी बरोबर शिकतेय."

वहिनीने मान खाली घातली आणि करंदी निवडत राहिली, पण तिचे कान लाल झाले होते.

आम्ही बाकीची गावंही फिरलो. कैनाडला पाड्यावर, भाताच्या खळ्याशी, अंगणवाडीताईंनी मुलं गोळा करून दिली. तिथली भाषा वेगळी, तिथले आवाज वेगळे. आमच्या किनाऱ्यावरच्या पोरांना जे सोपं ते तिथल्यांना अवघड, आणि उलटंही. उधव्याला एका घरात आजी मुलाशी गुजरातीत बोलायची, बाप त्यांच्या बोलीत, अंगणवाडीताई मराठीत, आणि ते मूल प्रत्येकाकडे तोंड वळवलं की जीभही वळवत होतं. परतताना तलासरीच्या नाक्यावर चहा पिताना आम्ही दोघी त्याची नक्कल करून बघत होतो आणि आम्हाला जमत नव्हतं. मला वाटतं, माझ्या आयुष्यातले सगळ्यांत हलके दिवस ते होते. मैत्रीण निघाली तेव्हा आईने तिला सुक्या बोंबलाची पिशवी दिली आणि दोघी रडल्या.

वर्ष गेलं. मग एका सकाळी तिचा फोन आला. डहाणूला शिक्षक आणि अंगणवाडीताईंसाठी मोठं शिबिर आहे, कामाचं सादरीकरण आहे, आणि ज्या आयांनी मुलांचे आवाज दिले त्यांचा सत्कार आहे. "वहिनींना घेऊनच ये," ती म्हणाली. "त्यांना पुढच्या रांगेत बसवणार आहे मी."

वहिनीने लग्नातली हिरवी साडी काढली. अबोलीचा गजरा आणला. भाचीला नेऊ नये असं आईला वाटलं, गर्दीत कंटाळेल म्हणून, तेव्हा ती आईपाशी राहिली. आज मी त्यासाठी आईची ऋणी आहे. रिक्षात वहिनी माझा हात धरून बसली होती. "माईकवर बोलाया लावतील काय?" ती विचारत होती. "मना नाय येणार."

हॉल भरलेला होता. आम्हाला खरंच पुढे बसवलं. मैत्रीण स्टेजवर होती, तिने आम्हाला पाहून हात केला. मग दिवे मंद झाले, पडद्यावर मुलांचे फोटो आले, आणि ती बोलू लागली. बोलणं सफाईदार होतं. या भागातल्या मुलांचं उच्चारांचं मागासलेपण, शाळेत येण्याआधीच ती कशी मागे पडतात, वेळीच हस्तक्षेप का हवा. मला वाटलं, प्रस्तावना असेल, संस्थेची भाषा असेल, पुढे ती आपलं म्हणणं मांडेल.

"आता ही मुलगी ऐका," ती म्हणाली. "वरोरची. आज ही मुलगी चार वर्षांची आहे."

आणि स्पीकरमधून माझी भाची ओरडली, "तावला! तावला!"

हॉल हसला. मोठ्याने नाही, लहान मुलाला हसावं तसंच. पण दोनतीनशे माणसं एकदम हसली की त्याचा आवाज वेगळा होतो.

‘आज ही मुलगी चार वर्षांची आहे.’ वाक्य खरं होतं. भाची त्या दिवशी चार वर्षांची होतीच. पण आवाज तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आधीचा होता, आणि हे त्या हॉलमध्ये फक्त मैत्रिणीला, वहिनीला आणि मला माहीत होतं. तिसऱ्या वर्षी क च्या जागी त म्हणणारं मूल म्हणजे चारचौघांसारखं मूल. चौथं संपताना तसं म्हणणारं असेल तर माणूस निदान विचारात पडतो. तिने खोटं एक अक्षरही उच्चारलं नव्हतं.

"कावळा," ती पुढे म्हणाली. "साधा शब्द. आणि या एका शब्दात दोन चुका. क चा त, ळ चा ल. आता हे कुठून येतं? पुढे ऐका."

पुढे माझ्या वहिनीचा आवाज आला. पाठीमागे समुद्र, कोंबड्या, आणि वहिनी मुलीला समजावतेय, "बाय, पानी पी, आन्‌ मंग सांग मना, डोला कुठं हाय? घोरा कुठं हाय?" त्या आवाजात ती एकटी आहे असं समजून मुलीशी लाडाने बोलत होती. कुणाच्याही आईचा असतो तसा आवाज.

हॉल पुन्हा हसला. या वेळी जरा जास्त.

"बघा," माझी मैत्रीण म्हणाली. "आई स्वतःच ‘पानी’ आणि ‘डोला’ म्हणते. मुलाच्या कानावर जर घरातच चुकीचं पडत असेल, तर मूल शुद्ध कसं शिकणार? म्हणून आपलं काम मुलांपासून नाही, आयांपासून सुरू होतं."

मी वहिनीकडे बघितलं नाही. बघता आलं नाही. माझ्या हातातला तिचा हात मात्र हळूच निघून गेलेला मला कळला.

मग सत्कार झाला. वहिनीचं नाव पुकारलं गेलं आणि ती उठली. ती स्टेजवर जाणार नाही असं मला वाटलं होतं, पण ती गेली, पदर घट्ट धरून. कुणीतरी तिला शाल दिली, नारळ दिला, आणि एक रंगीत खोका दिला. खोक्यात चित्रांची कार्डं होती: बाण, कमळ, पाणी, डोळा, घोडा. घरी मुलाकडून रोज म्हणवून घ्यायची. मैत्रिणीने तिला मिठी मारली. वहिनी लाकडासारखी उभी राहिली.

परत येताना आम्ही रिक्षा केली. घराच्या वळणावर वहिनीने विचारलं, "तुला म्हाईत होता?"

"नाही वहिनी. शपथ."

"तुझी मैतरीन हाय ती."

"मला नव्हतं माहीत."

ती म्हणाली, "तुम्ही दोघी संगत बसून ऐकायच्या. माझा आवाज. रोज." आणि उतरून आत गेली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मीही ठेवला नसता.

दुसऱ्या दिवसापासून कार्डं सुरू झाली. वहिनी बाजारातून आली की हात धुवायची, मुलीला समोर बसवायची. "म्हण, पाणी." वहिनी तो ण काढताना स्वतः अडखळायची, जीभ मागे नेऊन, गळ्याच्या शिरा ताणून. भाचीला आधी तो खेळ वाटला. ती हसत "पानी" म्हणायची. वहिनी म्हणायची, "नाय. पाणी." मग भाचीने हसणं सोडलं.

तिला एवढं कळलं की आपल्याकडून एक आवाज हवा आहे आणि तो मिळाला की आई शांत होते. तेव्हा तिने तो आवाज सगळीकडे घालून बघितला. लाडूचा ळाडू झाला. फूलचं फूळ. दूध घ्यायला ती ‘पेळा’ मागू लागली. वहिनीला आता हे बरोबर की चूक हेच समजेना, कारण ळ तर येत होता. क नुकताच यायला लागला होता, ‘काकी’ ती बरं म्हणायची, तोही गेला. मी वहिनीला सांगायला गेले की मूल गोंधळलंय, हे थांबव, तर ती म्हणाली, "तू तुझ्या कालेजात शिकव."

आईला तिने सांगितलं की मुलीशी कमी बोला. आई भात कालवता कालवता थांबली. "मंग मी काय मुकी होवू?" ती म्हणाली. त्यानंतर खरंच ती नातीशी खुणांनी बोलू लागली, आधी रागाने, मग सवयीने. आमचं घर गावातलं सगळ्यांत बोलकं घर होतं.

आणि मग भाची बोलेनाशी झाली. एकदम नाही. आधी दारातून हाक मारणं बंद झालं. मग मागणं बंद झालं, ती बोट दाखवायची. विचारलं तर मान हलवायची. शेजारणीने एकदा तिला मुद्दाम छेडलं, "आता कुठं गेली गो तुझी?" तेव्हा भाचीने तोंडावर हात ठेवला.

मी मैत्रिणीला भेटायला तलासरीला गेले. तिथे तिचं पुढचं शिबिर होतं. जेवणाच्या सुटीत ती मला शाळेच्या मागच्या बाजूला, सागाच्या झाडांखाली घेऊन आली. तिला वाटत होतं मी अभिनंदन करायला आलेय की काय कोण जाणे. ती खुशीत होती.

मी म्हटलं, "ओट्यावर बसून तू काय म्हणाली होतीस ते आठवतं तुला?"

"काय?"

"त तिच्या वयाचा, ल तुमच्या घराचा. चूक कुठेच नाही."

"ते भाषाशास्त्र झालं," ती म्हणाली. "मी अजूनही तेच मानते. पण शाळेतल्या बाईंना ते सांगून काय उपयोग? पोरगी उद्या परीक्षेत ‘पानी’ लिहील तेव्हा तिला कोण मार्क देणार आहे, तू?"

"मग त्यांना सांग की हिच्या घरची भाषा वेगळी आहे. शाळेची भाषा ही वरून शिकेल, मी शिकले तशी. चूक आणि वेगळं यात फरक आहे, हे तुला माझ्याहून चांगलं कळतं."

"सगळं ठीक आहे असं सांगितलं असतं तर हा कार्यक्रम झालाच नसता. गरज दाखवावी लागते गं. एवढं तरी समजून घे."

"आणि वय?"

ती झाडाकडे बघत राहिली. "मी खोटं बोलले नाही."

"नाही बोललीस. वहिनीला पुढच्या रांगेत का बसवलंस?"

"सत्काराला," ती म्हणाली, आणि तिला ते मनापासून वाटत होतं. हेच मला अजून गिळता येत नाही. "मला त्यांचा मान करायचा होता. तुझाही केलाय. अहवालात सहकार्य म्हणून तुझं नाव आहे, माझ्या नावाखालीच."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू हो म्हणाली नसतीस," ती म्हणाली. इतकं साधं उत्तर होतं ते.

मी म्हटलं, तो आवाज काढून टाक. ती म्हणाली, तो आता माझा नाही, संस्थेचा आहे. सुटी संपल्याची घंटा झाली. मी घरी जायला हवं होतं, पण तिच्या मागोमाग वर्गात गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. ‘तावला’ आला, हॉलमध्ये हसले तसे इथेही हसले, आणि मी उठून उभी राहिले. मी सांगितलं की हा आवाज माझ्या भाचीचा आहे, तेव्हाचं तिचं वय हे नव्हतं, आणि तिची आई बोलते ती चुकीची मराठी नाही, किनाऱ्यावरच्या आमच्या घरांची पूर्ण भाषा आहे. ‘पूर्ण’ म्हणताना तर माझी स्वतःचीच जीभ अडकली. उधव्याच्या बाजूच्या एक शिक्षिका माझ्याकडे वळून ऐकत होत्या, बाकीचे मैत्रिणीकडे बघत होते, आता काय होतं ते पाहायला.

मैत्रीण हसली. मुंबईच्या वर्गात पहिल्यांदा माझ्याशी बोलली होती तेव्हाचंच हसू. "फार महत्त्वाचा मुद्दा आहे," ती म्हणाली. "चहाच्या वेळी आपण यावर नक्की बोलू." आणि तिने पुढचा आवाज लावला. चहाच्या वेळी ती तालुक्याच्या साहेबांसोबत होती. मी बस पकडली.

पुढे घरी जे बदललं ते माझ्यामुळे नाही बदललं, आणि कार्डांमुळेही नाही.

बोटी लागल्या होत्या, अंगणात मासळी पसरली होती, सगळ्या बायका निवडायला बसल्या होत्या. मी घरातून चहा घेऊन येत होते. भाची ढिगाच्या पलीकडे खेळत होती. थोड्या वेळाने ती वहिनीच्या मागे येऊन उभी राहिली. नुसती उभी. वहिनीला तिची सावली दिसली पण ती कामात होती. मग शेजारीण ओरडली, "अगो, रगात!"

शिंगाळा माशाचा विषारी काटा तिच्या तळपायात रुतला होता. ज्यांना तो कधी लागलाय त्यांना माहीत आहे, मोठी माणसंही गडाबडा लोळतात. भाची ओठ घट्ट मिटून उभी होती. गालांवरून पाणी वाहत होतं, छाती हलत होती, पण तोंडातून हुंदकाही नाही. त्या पायाने ती ढिगाला वळसा घालून चालत आली होती, आणि तिने हाक मारली नव्हती.

वहिनीने तिला उचललं. "काय झाला? कुठं दुखते? बोल गो, बोल ना!"

भाचीने मान हलवली. नाही.

"सांग ना बाय, काय लागला?"

तिने पुन्हा मान हलवली, आणि ओठ आणखी आत घेतले. तिला तो शब्द माहीत होता. पण तो आपल्याला नीट म्हणता येत नाही हेही आता तिला माहीत होतं.

ते वहिनीला कळलं. मी तिच्या चेहऱ्यावर ते कळताना बघितलं. ती मासळीतच खाली बसली, मुलीला मांडीवर घेऊन, आणि तिच्या तोंडातून आमच्या घरची भाषा अशी फुटली की अंगणातल्या सगळ्या बायका गप्प झाल्या. "सांग माझे बाय, कसाबी सांग, तुला येल तसा सांग, मी आयकते, मी हाय ना, कसाबी सांग."

बराच वेळ गेला. मग भाची म्हणाली, "ताता."

"हां," वहिनी म्हणाली, "काटा. काटा लागला माझ्या बायला." आणि तेव्हा भाचीने गळा काढला. पार समुद्रापर्यंत ऐकू गेलं असेल. आईने आतून कढत पाणी आणलं, पाय त्यात बुडवला, आणि नातीशी बोलायला लागली ती थांबेचना, जणू कित्येक महिन्यांचं साठलेलं होतं.

कार्डांचं काय झालं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पुन्हा ती कधी दिसली नाहीत.

भाची आता शाळेत जाते. क आला. कधी आला ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. एक दिवस ती कावल्यांना हाकलत होती आणि शब्द नीट येत होता, एवढंच. शाळेत ती पाणी म्हणते, घरी पानी. शाळेच्या फाटकातून बाहेर पडली की दहा पावलांत जीभ बदलते, आणि मधल्या त्या रस्त्यात कधीकधी दोन्ही एकत्र येतात. तिला त्याचं काही वाटत नाही. वहिनी आणि मी पुन्हा बोलतो, आता तर पूर्वीपेक्षा जास्त. पण मी फोन हातात घेतला की तिचं बोलणं थांबतं. मी फोन बाजूला उपडा ठेवते, तेव्हा ती पुढचं वाक्य म्हणते. हे आम्ही दोघींनी कधी ठरवलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मैत्रिणीचा फोन आला होता. नंबर नवा होता, म्हणून उचलला. ती आता दुसऱ्या राज्यात आहे, मोठ्या पदावर. आईची चौकशी केली. मांदेलीची आठवण काढली. मग म्हणाली, "पोरगी कशी बोलते गं आता? मला वाटतं, तिचं पुन्हा रेकॉर्डिंग केलं तर फार छान होईल. तेव्हा आणि आता, असं दाखवता येईल."

भाची त्या वेळी अंगणात कुणाशी तरी भांडत होती, मोठ्याने, घरच्या भाषेत. फोनमधून ते मैत्रिणीला ऐकू जात असणार. मी उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

"हॅलो?" ती म्हणाली. "ऐकू येतंय ना?"

"येतंय," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.